विस्कॉन्सिनमधला हरीण-शिकारीचा हंगाम: उन्हाळ्यापासून करायची तयारी

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. साधारण साडेपाच लाख लोक परवाना काढतात. ऑफिसं अर्धी रिकामी होतात, पेट्रोल पंपांवर पहाटे चारला नारिंगी जॅकेटांची रांग लागते. इथे राहायला आलेल्या मराठी माणसांना सहकारी आग्रहाने बोलावतात आणि बरेच जण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विचारायला लागतात, "काय काय घ्यावं लागेल?" तोवर उशीर झालेला असतो. ही तयारी जुलै-ऑगस्टपासून करायची असते. त्यात खरेदीचा भाग सर्वांत छोटा, आणि गोळी केव्हा झाडायची नाही हे ठरवण्याचा भाग सर्वांत मोठा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथली परिस्थिती वेगळी. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या या राज्यात पंधरा लाखांच्या वर आहे, दक्षिणेकडच्या शेतीपट्ट्यात लांडगे जवळजवळ नाहीत, आणि दरवर्षी पंधरा हजारांहून जास्त गाड्यांची हरणांशी टक्कर होते. रोपं वर येण्याआधीच कुरतडली गेल्यामुळे कित्येक जंगलांत ओकची नवी पिढी उभी राहत नाही. शिकार हा इथे वन्यजीव व्यवस्थापनाचाच भाग आहे आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या संघीय कराचा पैसा वन्यजीवांच्याच कामाला जातो. तरीही ज्याच्या मनाला हे पटत नाही त्याने जाऊ नये. मित्रांच्या भिडेखातर प्राणी मारणं वाईट.

व्हिसा, परवाना, प्रशिक्षण

आपल्यापैकी अनेकांसाठी हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमकं याचबद्दल अमेरिकन मित्राला काही माहीत नसतं.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. विकत घेणंच नाही, मित्राची बंदूक हातात घेऊन जंगलात बसणंही त्यात आलं. याला असलेल्या अपवादांपैकी आपल्या कामाचा एक: तुमच्याकडे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना असेल तर चालतं. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही.

म्हणजे क्रम असा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. सराव करायला रेंजवर जाण्याआधीसुद्धा परवाना खिशात हवा. विस्कॉन्सिनचं परवाना-वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. बंदूक विकत घेऊन घरी ठेवली आणि १ एप्रिलला नवा परवाना काढलेला नसेल, तर कपाटात पडलेली ती बंदूकच गुन्हा ठरू शकते. कॅलेंडरमध्ये मार्चची आठवण आजच लावून ठेवा. आणखी एक: गांजा काही राज्यांत कायदेशीर असला तरी संघीय कायद्याने नाही, आणि तो घेणाऱ्याला बंदूक बाळगायला बंदी आहे. ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकून उत्तर लेखी घ्या. या बाबतीत मित्राच्या मित्राचं ऐकू नका.

ही कटकट नको असेल तर क्रॉसबो किंवा धनुष्यबाण हा चांगला मार्ग आहे. संघीय कायद्यात ते बंदुकीत मोडत नाहीत, हंगामही मोठा असतो: सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. मात्र त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि हरीण तीस-चाळीस यार्डांच्या आत यावं लागतं.

१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी शिकारी-सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ऑनलाइन पर्याय आहे, पण पहिल्यांदा बंदूक हाताळणाऱ्याने प्रत्यक्ष वर्गालाच जावं असं माझं ठाम मत आहे. गावोगावचे अनुभवी स्वयंसेवक शिकवतात, खरी बंदूक हातात देऊन कुंपण कसं ओलांडायचं ते करून घेतात. हे वर्ग उन्हाळ्यात भरतात आणि ऑक्टोबरपर्यंत जागा संपतात. प्रमाणपत्राशिवाय जायचं असेल तर मार्गदर्शक शिकारीच्या नियमाखाली जाता येतं, पण तेव्हा मार्गदर्शक हाताच्या अंतरावर बसलेला हवा आणि परवाना दोघांकडेही हवा.

परवाना राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या 'गो वाइल्ड' यंत्रणेतून निघतो. राज्यात तीस दिवस राहिलेल्या रहिवाशाला बंदुकीच्या परवान्याला २४ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कैक पट. परवान्यासोबत नर आणि मादीसाठीच्या वेगवेगळ्या परवानग्या येतात. मादीची परवानगी कोणत्या काउंटीत (जिल्ह्यात), खासगी जमिनीवर की सार्वजनिक, हे त्यावर छापलेलं असतं. ते नीट वाचा. दंड होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

जागा

उत्तरेला शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वन पंधरा लाख एकरांचं आहे, शिवाय काउंटींची जंगलं आणि राज्याच्या जमिनी. सगळीकडे मुभा आहे असं नाही, पण बऱ्याच ठिकाणी आहे. जमिनीच्या सीमा आणि मालकी दाखवणारं ऑनएक्ससारखं ॲप फोनमध्ये ठेवा आणि नकाशा आधीच डाउनलोड करून घ्या, कारण उत्तरेच्या जंगलात सिग्नल मिळेलच असं नाही.

खासगी जमिनीवर जायचं तर परवानगी हवीच, आणि ती ऑगस्टमध्ये मागायची. शेतकऱ्याच्या दारात नोव्हेंबरमध्ये नारिंगी कपडे घालून उभं राहणं हे लग्नाच्या दिवशी हॉल बघायला जाण्यासारखं आहे. दिवसाउजेडी जा, आपलं नाव, कुठे काम करतो, कोणत्या दिवशी येणार, गाडी कुठे लावू, हे सगळं स्वतःहून सांगा. नाही म्हणाला तर आभार मानून निघा. हो म्हणाला तर त्याचं फाटक जसं होतं तसं ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. दिवाळी हंगामाच्या थोडी आधीच येते, तेव्हा फराळाचा डबा घेऊन जायला विसरू नका. पुढच्या वर्षीची परवानगी अशाच ओळखीतून मिळते.

मग जागा वाचायची. हरीण पहाटे आणि संध्याकाळी जास्त हिंडतं: खाण्याच्या जागेतून बसण्याच्या जागेकडे आणि परत. खाण्याच्या जागा म्हणजे मका आणि सोयाबीनची कापलेली शेतं, अल्फाल्फा, आणि जंगलात ओकची फळं. त्यातही व्हाइट ओकची कमी तुरट असतात, ती आधी संपतात. बसण्याच्या जागा म्हणजे दाट झुडपं, दलदलीतले कोरडे उंचवटे, थंडीत दक्षिणेकडे तोंड असलेले उतार. या दोहोंना जोडणारी पायवाट चिखलात नाहीतर पहिल्या बर्फात स्पष्ट दिसते. ऑक्टोबरमध्ये कमरेइतक्या उंचीवर साल सोललेली झाडं दिसतात, नरांनी शिंगं घासलेली, आणि खाली वाकलेल्या फांदीखाली खुरांनी उकरलेली काळी माती. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माज जोरात असतो, तेव्हा नर भर दुपारीही फिरतात. बंदुकीचा हंगाम येईपर्यंत तो जोर ओसरायला लागलेला असतो.

वारा मात्र सगळ्यांत मोठा. हरणाला नारिंगी रंग जवळपास करडा दिसतो, पण माणसाचा वास ते दोनशे यार्डांवरून पकडतं. म्हणून एकाच जागेवर भरवसा ठेवू नका. एक जागा पश्चिम-वायव्येच्या वाऱ्यासाठी, दुसरी दक्षिणेच्या वाऱ्यासाठी ठरवा. डोंगराळ भागात पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दाबून बघा, ती कुठे जाते ते फोनवरच्या वाऱ्याच्या अंदाजापेक्षा खरं असतं.

रायफल आणि नेम

पहिल्या रायफलसाठी .२४३, .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर यांपैकी कोणतंही काडतूस पुरे. मोठं काडतूस म्हणजे मोठा धक्का, आणि धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. घरात लहान मुलं असतील तर तिजोरीचा खर्च रायफलच्या खर्चातच धरा, काडतुसं वेगळी, कुलपात.

गोळीच्या निवडीबद्दल थोडं. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून दूरच्या मांसातही सापडतात, डोळ्यांना न दिसणारे. ज्या घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई ते मांस खाणार आहे, तिथे सरळ तांब्याची गोळी वापरा. थोडी महाग पडते, पण चालते उत्तम.

नेम जुळवणं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकावं. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण लावून, बाकावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून सुरुवात २५ यार्डांवर करा. तीन गोळ्या झाडा, त्यांच्या मधोमध बिंदू धरा आणि स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) त्याप्रमाणे फिरवा. बहुतेक स्कोपांचा एक टिचका (फिरवताना होणारा एक 'टिक') १०० यार्डांवर नेम पाव इंच सरकवतो, पण २५ यार्डांवर तो इंचाचा सोळावा भागच सरकवतो. म्हणजे २५ यार्डांवर गोळ्या एक इंच खाली पडत असतील तर सोळा टिचके वर घ्यावे लागतात. चार घेऊन "स्कोप बिघडलाय" म्हणणारे पुष्कळ भेटतात. मग १०० यार्डांवर जा. मध्ये नळी थंड होऊ द्या, कारण हंगामात पहिली गोळी थंड नळीतूनच जाणार आहे. आणि ज्या काडतुसाने नेम जुळवला तेच, त्याच वजनाचं काडतूस शिकारीला न्या. डबा बदलला की नेम पुन्हा तपासायचा.

एवढ्यावर थांबू नका. जंगलात बाक नसतो. जाड जॅकेट आणि हातमोजे घालून, बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून सराव करा. आठ इंचांची कागदी प्लेट लावा, हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच असतो. ज्या अंतरावर सलग सगळ्या गोळ्या प्लेटमध्ये लागतात, ते तुमचं अंतर. साठ यार्ड असेल तर साठ. त्यापलीकडचं हरीण त्या वर्षी तुमचं नाही.

बंदुकीचे चार नियम प्रशिक्षणात घोकून घेतात, इथे पुन्हा लिहितो कारण ते कितीदाही लिहिले तरी कमीच. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरा. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे पक्कं कळल्याशिवाय गोळी नाही. झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर. तिसरा नियम जास्त मोडला जातो. रायफलची गोळी चुकली तर तीन किलोमीटरांपलीकडेही जाऊ शकते. टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असलेलं हरीण कितीही देखणं असलं तरी त्यावर गोळी झाडायची नाही, कारण मागे माती नाही. आणि झुडपात काय हललं हे बघायला दुर्बीण वापरा. रायफलचा स्कोप त्यासाठी नाही, कारण तिथे माणूस असला तर तुम्ही त्याच्यावर बंदूक रोखलेली असते.

मचाण

शिकारीत पडून जायबंदी होणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि बहुतेक जण चढताना किंवा उतरताना पडतात. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, कमरेचा नुसता पट्टा नको. झाडाला वरपासून जमिनीपर्यंत जीवरक्षक दोर बांधा आणि त्यावरची सरकती गाठ हार्नेसला अडकवा, म्हणजे पहिल्या पायरीपासून तुम्ही बांधलेले असता. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, असे तीन आधार कायम. रायफल रिकामी करून वेगळ्या दोरीने वर ओढायची, नळी खाली. मागच्या वर्षीचे पट्टे उन्हाने कुजलेले असतात, ते पाहण्यापेक्षा बदलून टाकलेले बरे. हे सगळं सप्टेंबरच्या एखाद्या रविवारी, उजेडात, जमिनीपासून चार फुटांवर आधी करून बघा. लटकल्यावर पाय अडकवायचा पट्टा हाताला सापडतो का, हेही. हार्नेसमध्ये नुसतं लोंबकळत राहणं धोक्याचं असतं, मांड्यांतलं रक्त अडतं.

सार्वजनिक जमिनीवर मचाण रात्रभर ठेवता येतं की नाही, याचे नियम भागाप्रमाणे बदलतात. पहिल्या वर्षी मी तरी जमिनीवर, जाड खोडाला पाठ लावून बसायचा सल्ला देईन.

कपडे आणि पिशवी

बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा किमान अर्धा भाग झगझगीत नारिंगी किंवा झगझगीत गुलाबी हवा, टोपी घातली तर तिचाही. गुलाबीला २०१६ पासून परवानगी आहे. अर्ध्यावर समाधान मानू नका, सगळं नारिंगी घाला. नवं जॅकेट साध्या पावडरमध्ये धुऊ नका, त्यातल्या चमक आणणाऱ्या रसायनामुळे कापड हरणाच्या डोळ्यांना निळसर उजळ दिसतं.

अंगाला लागून लोकरीचा थर, सुती काहीही नको. सुती बनियन घामाने भिजतं आणि मग तासाभरात दात वाजायला लागतात. चालताना जाड जॅकेट पिशवीत, बसल्यावर अंगात. बूट एक माप मोठे, कारण घट्ट बुटात दोन मोजे घातले की रक्त फिरत नाही. खायला पोळीचे रोल, शेंगदाण्याचे लाडू. पण ते घरीच कापडी पिशवीत काढून ठेवा. प्लास्टिकची कुरकुर शांत पहाटे शंभर यार्डांवर ऐकू जाते. डोक्याचा दिवा, होकायंत्र, पॉवर बँक, दोर, धारदार छोटी सुरी, रबरी हातमोजे, शिट्टी. आणि घरी एक कागद: गाडी कुठे लावली, कुठे बसलो, किती वाजेपर्यंत फोन येईल.

तो शनिवार

उजाडण्याच्या एक तास आधी जागेवर पोहोचा. गोळीबाराची वेळ त्या-त्या दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्तावरून ठरते, नियमपुस्तिकेतलं कोष्टक फोनमध्ये ठेवा. मग हलायचं नाही. दहा-साडेदहाला थंडीने आखडलेले शिकारी जेवायला गाड्यांकडे चालायला लागतात, आणि त्यांनी उठवलेली हरणं दाट झाडीकडे सरकतात. दहा ते दोन बसून राहणाऱ्याला जे दिसतं ते बाकीच्यांना दिसत नाही.

हरीण आडवं उभं असेल, किंवा पाठमोरं तिरकं, तरच गोळी. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात. पळतंय, समोर तोंड करून आहे, फांद्यांआड आहे, उजेड पुरेसा नाही: सोडून द्या.

गोळी लागल्यावर लगेच उतरू नका. ते शेवटचं कुठे दिसलं त्या झाडावर नजर ठेवा आणि किमान अर्धा तास बसून राहा. मग जिथे उभं होतं तिथे जाऊन रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसात लागली, हरीण जवळच असेल. गडद लाल असेल तर बहुधा यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट आणि घाण वास असेल तर पोटात लागली, सहा-आठ तास तरी माग काढू नका. घाईने मागे गेलात तर ते मैलभर पळतं आणि हकनाक तडफडतं. प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा टाकत जा, मागे वळून बघितलं की दिशा दिसते. सापडेपर्यंत शोधायचं, रात्र झाली तरी. एवढी जबाबदारी घ्यायची तयारी नसेल त्याने चाप ओढू नये.

मांस

पोट तिथेच, लगेच साफ करायचं. आतली उष्णता मांस बिघडवते. कातडीखाली दोन बोटं घालून, सुरीची धार वर ठेवून उघडा, म्हणजे आतडं फुटत नाही. पहिल्यांदा कोणी करून दाखवणारा सोबत असू दे, लेख वाचून हे येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत हरणाची नोंद ऑनलाइन किंवा फोनवर करायची असते.

आता सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हरणांच्या मेंदूचा हा जीवघेणा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा आढळला, आणि दक्षिणेत तो चांगलाच पसरला आहे. त्याचं कारण म्हणजे वाकडी घडण झालेलं एक प्रथिन, ते शिजवून नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा (सीडीसी) सल्ला आहे. चाचणी फुकट होते. डोकं आणि त्याखालची पाच इंच मान संकलन केंद्रावर ठेवायची, फॉर्म भरायचा, निकाल साधारण दोन आठवड्यांत येतो. मणका करवतीने कापू नका, मांस हाडावरून सोडवून घ्या. सांगाडा दुसऱ्या काउंटीत नेण्यावर निर्बंध आहेत आणि तो शेताच्या बांधावर टाकून देऊ नये. कसायाकडे देणार असाल तर "माझं हरीण वेगळं ठेवा, दुसऱ्याच्या खिम्यात मिसळू नका" हे आधीच सांगा.

घरी आल्यावर चरबी पूर्ण काढा. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते आणि तिलाच लोक 'जंगली वास' म्हणतात. स्नायूंवरची पांढरी पातळ पडदीही सोलून काढा. कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्या सर्वांत मऊ, त्या जाड तव्यावर थोडक्यात भाजायच्या, रश्शात घालून वाया घालवायच्या नाहीत. खांदा, मान आणि नळ्या मात्र आपल्या रश्शासाठीच जन्मल्यासारख्या: आलं-लसूण, दही आणि हळद लावून रात्रभर ठेवा, कुकरला बकऱ्याच्या मटणापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या आणि तेल थोडं सढळ घाला, कारण या मांसात स्वतःचं काहीच नसतं. मांडीचा खिमा करा. प्रत्येक पाकिटावर तारीख, भाग आणि चाचणीचा क्रमांक लिहा. निकाल येईपर्यंत सगळं फ्रीझरमध्ये, एकही पाकीट शेजारी किंवा मित्रांकडे जाऊ देऊ नका. बाधित निघालं तर विभागाला फोन करून विल्हेवाट कशी लावायची ते विचारा.